दगडू, धोंडू आणि मधली भिंत

गावात लालासाहेबाला मेजर म्हणायचे. पलटणीतून तो हवालदार होऊन आला होता, पण आपल्याकडं एकदा का गडी काळी ट्रंक घेऊन यष्टीतनं उतरला की गाव त्याला परस्पर मेजर करून टाकतं, सरकारला विचारत बसत नाही. रिटायर होऊन आल्यावर मेजरनं ऊस लावला, एक म्हैस घेतली, मिशीचा पीळ तेवढाच ठेवला आणि थोरल्या भावाशी बोलायचं बंद ते बंदच ठेवलं. ह्यातलं शेवटचं काम त्यानं सगळ्यांत नेटानं केलं.

भांडण आंब्याचं. दोघांच्या बांधावर बापानं लावलेला रायवळ आंबा होता. लालासाहेब तिकडं राजस्थानात वाळू खात बसलेला असताना थोरल्यानं, म्हणजे भाऊसोनं, तो पाडला. उसाच्या ट्रॅक्टरला वळायला जागा नव्हती, सावलीखालच्या सऱ्या पोसत नव्हत्या, कारणं खरीच होती. पण विचारलं नाही. सुट्टीवर आलेला लालासाहेब बुंध्यापाशी उभा राहिला, ओल्या भुश्श्यावर बूट घासला आणि घरी येऊन भाऊ जेवत होता तिथं म्हणाला, "उद्या मी मेलो तर मलाबी तसंच तोड आन् जाळ. न इचारता."

भाऊसोनं हातातली भाकरी ताटात ठेवली आणि उठला.

पुढं घरात भिंत आली. एका विटेची. गवंड्यानं ती आढ्याच्या खाली हातभर सोडूनच थांबवली, कारण विटा सरल्या. आणि उरलेल्या विटा कुणी आणायच्या ह्यावर दोघांचं बोलणं होणं शक्य नव्हतं. त्यामुळं अल्याड मिरचीची फोडणी बसली की पल्याड ठसका लागायचा.

विहीर मात्र एकच राहिली. पाण्याची पाळी ठरवायची तर बोलावं लागतं. त्यावर भावकीत जुना तोडगा आहे, तोच ह्यांनी काढला. भाऊसो विहिरीवर येऊन आपल्या बैलाला सांगायचा, "ऐक रं, उद्या लाईट सकाळची हाय म्हणं. पाळी धाकल्याची हाय." मग लालासाहेब आपल्या कुत्र्याकडं बघून म्हणायचा, "ऐकलंस न्हवं? मोटरीचं पॅकिंग गेलंय. ते आपुन आणतो म्हणावं." बैल आणि कुत्रा दोघंही गुणी. कधी निरोपात फरक पडला नाही.

लालासाहेबाची बायको बयाबाई वारली तेव्हा थोरली जाऊ बनुबाई तेवढी येऊन स्वयंपाकघरात बसली आणि गेली. मग मुलानं, शंभूराजनं, बापाला करमावं म्हणून मोठा फोन घेऊन दिला. त्यात लालासाहेबाला दगडू-धोंडू सापडले.

आटपाडीकडची दोन पोरं. तानाजी आणि मल्हार. तानाजी दगडू व्हायचा, थोरला भाऊ, अंगानं पोत्यासारखा. मल्हार धोंडू व्हायचा, धाकटा, काटकुळा, बोलायला लागला की टाकी भरून सांडेपर्यंत मोटर बंद न करणाऱ्या माणसासारखा. रविवारी दिवेलागणीला त्यांचा नवा व्हिडिओ यायचा. ना सेट, ना वेगळे कपडे. एक बांध, दोन भाऊ आणि मधे दावणीला एक म्हैस. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. जे काय बोलायचं ते म्हशीशी.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा लालासाहेबाला वाटलं, कुणीतरी आपली चहाडी केली.

"तारे," दगडू म्हशीला म्हणत होता, "धाकल्या मालकाला सांग, राच्च्याला कुणीतरी माझ्या पाटाचं दारं फोडून पाणी वळवून घेतलंय."

"तारे," धोंडू लगेच, "थोरल्या मालकाला सांग, दारं कुणी फोडलं न्हाई. उंदरानं बीळ पाडलंय. लय माजल्यात उंदरं ह्या सालाला. मी सोता बघितला. हाताएवढा हुता. असा आला, असं टोकरलं, असा गेला."

म्हैस रवंथ करत होती. दगडू गप्प. तो गप्प राहिला की धोंडूची चुळबुळ सुरू व्हायची. तो मिशी चोळणार, टोपी फिरवणार, एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणार. आणि दगडूची मान हळू, लय हळू, गंजलेल्या गेटासारखी म्हशीकडं वळणार.

"तारे, इचार त्याला. खोरं घिऊन आलता का उंदीर?"

ह्या ठिकाणी लालासाहेब फुटला. आणि त्याच टिपेला भिंतीपलीकडनं भाऊसो फुटला.

दोघांचं हसणं बापाचं. आधी एक ठसका, मग बराच वेळ काहीच नाही, माणूस मेला की काय असं वाटावं इतकं काहीच नाही, आणि मग बारीक शीळ वाजवत ते हसू बाहेर यायचं. जमिनीची वाटणी झाली, भांड्यांची झाली, हसणं मात्र बापानं दोघांना सगळंच्या सगळं दिलं होतं.

लालासाहेबानं ताडलं, थोरल्यानंही फोन घेतला. लोणंदला दिलेली त्याची पोरगी, शिवांजली, तिनं दिला असेल. जरा रागही आला, की माझं बघून घेतला. पलीकडच्या फोनचा आवाज येत नव्हता, पण आपलाच फोन एवढा कोकलत असताना तो ऐकू येणार कसा? तोफखान्यात राहून लालासाहेबाचे कान तसेही अर्धे तिकडंच राहिले होते. त्यामुळं फोनचा आवाज कायम शेवटच्या रेघेवर.

त्यानंतरचे रविवार असेच गेले. लालासाहेब भिंतीकडची बाजेची जागा सोडत नसे. धोंडूच्या पोरीच्या लग्नाचा भाग तर त्यानं किती वेळा लावला असेल. थोरल्याला पत्रिका द्यायची आहे, पण द्यायची कशी? म्हणून धोंडू बांधावर उभा राहून मंगलाष्टकाचा सराव करतो, आणि त्यातच सगळं घालतो. तारीख घालतो, वार घालतो, कार्यालयाचा पत्ता घालतो, "बसस्टॅन्डच्या मागं डावीकडं वळा, सावधान!" म्हणतो. दगडू वैरण कापत राहतो, मान वर करत नाही. धोंडू आणखी वरच्या पट्टीत जातो, "थोरला न्हाई आला तर अक्षता पडणार न्हाईत, सावधान!" म्हणतो. पुढच्या क्षणाला दगडूचं अंगण दिसतं. दगडू पितळी तांब्यात निखारे घालून, गुडघ्यावर बसून, जपून जपून टोपीला इस्त्री करत असतो. तिथं एक शब्द नाही.

त्या टोपीपाशी लालासाहेबाला हसू यायचं आणि हसता हसता नाकात काहीतरी झोंबायचं. त्याला शब्दांत सांगता आलं नसतं. पण एवढं कळत होतं, की ह्या पोरांनी भांडण दाखवलं तरी कुणाला उघडं पाडलं नाही. धाकट्याची बाजू घ्यावी तर थोरला आवडतो, थोरल्याची घ्यावी तर धाकट्याची दया येते. आंब्यावरून चावडीवर पंच बसले होते तेव्हा असं एकालाही जमलं नव्हतं.

एकदा ते दोघं इस्लामपुरात ठिबकच्या दुकानाच्या उद्घाटनाला येणार होते. लालासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून गेला. फोटोसाठी रांग होती. त्याची पाळी आली तशी मल्हारनं खांद्यावर हात टाकला.

"तुमास्नी आमच्या घरचं कुणी सांगितलं?" लालासाहेबानं दरडावूनच विचारलं.

"काय सांगितलं, आबा?"

"जनावरासंगं बोलायचं."

मल्हार तानाजीकडं वळला. "ऐकलंस व्हय? आज सकाळधरनं ह्ये कितवं?" आणि लालासाहेबाला म्हणाला, "आबा, जिथं जाईल तिथं एक माणूस ह्येच इचारतंय. आता घराघरात म्हैस बांधलीया त्याला आमी काय करणार?"

तानाजीनं आधी फोटोवाल्याला हातानं थांबवलं. मग म्हणाला, "आमच्या बापाचं आन् चुलत्याचं हाय ते, आबा. आमची मेंढरं हुती. मेंढराला सांगायचे."

"मग? बोलले का शेवटी?"

तानाजीची मान वळली. व्हिडिओत वळायची तशीच, हळू. तो म्हणाला, "न्हाई."

"हां, हिकडं बघा!" फोटोवाला ओरडला.

लालासाहेब घरी आला, बाजेवर बसला आणि कुत्र्याला सगळं सांगितलं. जरा मोठ्यानं सांगितलं. तानाजी व्हिडिओत दिसतो त्याहून थोराड आहे, मल्हारच्या हाताला अत्तराचा वास येतो, आणि ते मेंढराचं. सांगत होता तोवर पलीकडं भांडं घासायचा आवाज थांबलेला होता.

सगळं बिघडलं ते एका झाडावरून. दुसऱ्यांदा झाडावरून. एका रविवारी दगडू-धोंडूचा भाग आला, त्यात दगडू बांधावरची बाभळ तोडतो आणि धोंडू त्याला कुऱ्हाड काढून घेऊन बांधभर पळवतो. लालासाहेब त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात हसला. हसला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "बराबर! चोराला असंच पळवायला पायजे!"

पलीकडनं हसणं आलं की नाही, त्याला सांगता आलं नसतं. त्याचंच त्याला ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात सुनेनं, संयोगितानं, त्याच्या हातात एक वायर ठेवली. "मामंजी, ह्ये कानात घालत जावा. साईराजची धावी हाय. पोरगं इतिहास वाचाय बसतंय आन् हिकडनं तुमची म्हैस वरडतीया."

"म्हैस वरडत न्हाई. म्हैसच तेवढी गप आसती त्यात."

"मग तिच्यागत तुमीबी गप बघा."

लालासाहेबानं वायर कानात घातली. पुढचे रविवार दगडू-धोंडू त्याच्या डोक्याच्या आत बोलायला लागले. आणि हसण्याच्या जागा आल्या की तो एका कानातलं वायरीचं बोंडूक काढून भिंतीकडं कान द्यायचा. काही नाही. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्या नाही. थोरल्यानं बघायचं सोडलं. चोर म्हणालो ते लागलं त्याला. लागू दे, असं त्यानं स्वतःशी म्हटलं, आणि मग प्रत्येक वेळी बोंडूक काढून बघत राहिला.

त्या साली ऊस तुटून गेल्यावर, एका सकाळी डेअरीला दूध घालून परत येताना भाऊसो रस्त्याच्या कडेला बसला. रिकामी किटली शेजारी नीट उभी ठेवली आणि तिथंच गेला. लालासाहेबाला निरोप आला तेव्हा तो तुटल्या उसाच्या खोडव्यात पाचट पसरत होता. तो चालत गेला. पळाला नाही. पळायचं सुचलं नाही.

भाऊसोला मुलगा नव्हता. "मेजर, पाणी तुलाच पाजायचं हाय," म्हातारे म्हणाले. त्यानं पाजलं. मडकं खांद्यावर घेतलं, फेरे घातले, मडकं फोडलं, अग्नी दिला. पलटणीत जसं हुकूम सुटेल तसं अंग चालतं, तसं त्याचं चालत होतं. शिवांजली त्याच्या छातीवर डोकं आपटून रडली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा त्याला तो दिसत होता. एका बांधावर जन्म काढलेल्या बायका कुजबुजल्या, "बघ की, डोळ्याला टिपूस न्हाई. दावा काय मेल्यावर सुटतोय व्हय?"

तो दावा धरून बसला नव्हता. तो शोधत होता. भाकरी गिळली का, गिळली. पायाला खडा टोचला का, टोचला. मग भाऊ गेला हे कुठं टोचतंय? त्याला जागाच सापडत नव्हती. एकच गोष्ट आत खिळ्यासारखी होती, तीही दुखत नव्हती, नुसती होती. थोरला चोर हा शब्द घेऊन गेला का?

दहाव्याला नदीवर न्हाव्यानं डोकं केलं आणि वस्तरा थांबवला. "मेजर, मिशी?"

"घे."

पाण्यात मिशी पडली, वाहून गेली. दोघाचौघांनी चुकचुक केली. लालासाहेबानं ओठावरून बोट फिरवलं आणि हात खाली घेतला.

मग घास ठेवला. कावळा शिवला नाही की माणसं पुढं होतात, मेलेल्याचं जे काय अडकलं असेल त्याचा शब्द देतात. पोरीकडं बघतो, बैल विकत नाही, असं. लालासाहेब त्यासाठी तयार होऊन उभा होता. त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं. 'दादा, चोर म्हणालो ते मागं घेतो.' कावळा जरा जरी लांब बसला असता तरी तो पुढं होऊन सगळ्यांदेखत बोलणार होता. आयुष्यात तेवढी एकच जागा उरली होती जिथं त्याला थोरल्याशी सरळ, मधे जनावर न घालता, बोलता आलं असतं.

घास ठेवून माणसं मागं सरतात तोवर कावळ्यानं झडप घातली. एक सोडून तीन.

"सुटला!" म्हातारे खुशीत म्हणाले. "कायसुदिक आडलं न्हवतं बघा भाऊसोचं. लई समाधानी जीव."

लोक हातपाय धुवायला लागले. लालासाहेब वाक्य तोंडात घेऊन उभा राहिला. माझ्यासाठी थोडंसुद्धा थांबला नाही, असं त्याच्या मनात आलं. तेही आलं आणि तसंच पडून राहिलं.

तेरावं झालं. बनुबाई आता लोणंदला लेकीकडं राहायला जाणार होती. दुपारी जावई जीप घेऊन आला. गाठोडी बाहेर निघाली. पल्याडच्या दाराला कुलूप पडलं की मग विचारायला कुणी उरणार नव्हतं, हे लालासाहेबाला कळत होतं. तो थोरल्याच्या अंगणात आला. बनुबाई शेळी सोडत होती, शेजारणीकडं देण्यासाठी. त्यानं घसा साफ केला आणि शेळीकडं बघितलं.

"शेळे, तुझ्या मालकिणीला इचार..."

"शेळीला कशापायी मधी घालताय, भावजी?" बनुबाई म्हणाली. "ती चालली तिकडं. मला इचारा."

इतक्या वर्षांनी तिचा आवाज थेट त्याच्याकडं आला. त्याला उभं कसं राहायचं ते कळेना.

"दादानं दगडू-धोंडू बघायचं का सोडलं?"

"बघायचं?" बनुबाईनं शेळीचं दावं हातात तसंच धरलं. "आवं, त्यांनी बघितलं कवा? फोन कुटं हुता त्यांच्यापशी? बटणाचा डबडा, तोबी पोरीचा फोन घेन्यापुरता. आयतवार आला की दिवा लावला न्हाई तोवर जाऊन बसायचं भिताडाला टेकून. मला म्हणायचं, बनू, भांडी वाजवू नगंस, बारक्याचं सुरू व्हतंय."

लालासाहेबानं दारातनं आत, भिंतीकडं बघितलं.

"तुमच्या फोनचं ऐकायचं ते. भिताडावरनं येतंय की समदं."

"मग बाभळीचा भाग... मी त्येला चोर म्हणलो."

"व्हय, आयकलं. त्या दिशी तर लई हसलं. खोकला लागंस्तवर. म्हणलं, बनू, बारक्यानं हाणला बघ मला, बराबर नेम धरून हाणला." तिनं दावं शेळीच्या गळ्यात परत घातलं, काढलं. "मग पुढल्या आयतवारी बसलं तर आवाजच यीना. दर आयतवारी बसायचं. म्हणायचं, बारक्याचा फोन बिगाडलाय वाटतं. नवा घे म्हणावं. आता सांगायचं कुनी?"

संयोगिता अल्याडच्या दारात येऊन उभी होती. ती आत गेली.

लालासाहेबानं खिशात हात घातला, वायरीचा गुंडाळा हाताला लागला, त्यानं फोन तेवढा बाहेर काढला. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, "बिघडला न्हवता."

"आसंल," बनुबाई म्हणाली. आणि मग, जरा थांबून, "त्यात दगडू-धोंडूची तोंडं दिसत्यात का?"

बनुबाई आपल्या घरात गेली, तोही मागं गेला. भिंतीला, माणूस टेकून बसल्यावर डोकं जिथं येतं तिथं, तेलाचा एक काळपट डाग होता. बनुबाई डागाच्या अलीकडं बसली. लालासाहेब पलीकडं बसला. डाग दोघांच्या मधे राहिला. त्यानं लग्नाचा भाग लावला.

"ह्यो दगडू?" बनुबाईनं फोन जवळ धरला. "आवं, ह्येला तर मिशीबी न्हाई. पोरगं हाय की. ते म्हणायचं, दगडू चांगला धा मणाचा म्हातारा आसंल, गलमिशावाला." ती बघत राहिली. "आन् धोंडू ह्यो. ह्यो मातुर त्यांनी सांगितला तसाच हाय. म्हणायचं, बारक्यागतच आसंल बघ, वाळकं लाकूड."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. धोंडूनं मंगलाष्टक धरलं होतं. बसस्टॅन्डच्या मागं डावीकडं वळा, सावधान. लालासाहेब त्या पोरांची तोंडं बघत होता. आत काहीतरी हललं म्हणावं तर तसंही नव्हतं. फक्त टोपीची जागा जवळ येत होती, हे त्याच्या अंगाला ठाऊक होतं.

दगडूनं तांब्यात निखारे घातले. टोपी गुडघ्यावर पसरली.

"हितं आवाज थांबायचा आन् तुमचं ऐकून हसायचं ते," बनुबाई म्हणाली.

"व्हय. हितंच."

दोघांनी जरा वाट बघितली. कुणी हसलं नाही. दगडू टोपीवरून तांब्या फिरवत राहिला. जावयानं पुन्हा हॉर्न दिला आणि शिवांजली दारातनं म्हणाली, "आई, चल की, उनं लागत्यात."

"आजून हाय काय?" बनुबाईनं लालासाहेबाला विचारलं.

"हाय थोडा. थोरला लग्नाला जातो त्यो हाय."

"मग सरू द्या," ती म्हणाली, आणि लेकीला म्हणाली, "त्यास्नी सांग, गाडी सावलीत लावा."